अमावास्येला वाजणारा अल्बम

जवळजवळ प्रत्येक अमावास्येला मी रजा टाकते, हे आता आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ झालं आहे. निपाणीच्या शाखेत मी नवीन होते तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हळूच विचारलं होतं, "मॅडम, घरात काय देवाधर्माचं असतंय काय?" मी म्हणाले, "हो, तसंच काहीतरी." खरं कारण सांगायला फार बोलावं लागलं असतं, आणि फार बोलणं मला जमत नाही. बेळगावात, वडगावला, माझे थोरले काका राहतात. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. अमावास्येला मी त्यांच्याकडे जाते आणि आम्ही दोघं मिळून एक जुना इंग्रजी रॉक अल्बम ऐकतो. हे त्या बाईंना कसं सांगायचं?

अल्बमचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांना तो प्रिय आहे ते फार भांडखोर असतात.

आप्पांचं घर विणकरांच्या गल्लीत आहे. खाली माग, वर राहणं. माग म्हणजे पॉवरलूम, साड्या निघतात. गल्लीत प्रत्येक घरी माग होते, आता निम्म्या घरांत आहेत, तरी सकाळी एकदा ते सुरू झाले की बोलायचं ते ओरडून, नाहीतर हातवाऱ्यांनी. आमच्या घरातली माणसं फोनवर मोठ्यानं बोलतात म्हणून शाळेतल्या मैत्रिणी हसायच्या. त्यांना वाटायचं आम्ही भांडतोय. पण अमावास्येला माग लावायचा नाही, अशी इथली रीत. त्या दिवशी माग पुसतात, तेलपाणी करतात, उदबत्ती लावतात आणि हात जोडून बंद ठेवतात. सगळी गल्ली एकदम गप्प होते. कुणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली तरी कळतं. आप्पांचं रॉक संगीत या गप्प दिवसाचं.

त्याची सुरुवात माझ्या जन्माच्या पुष्कळ आधीची. समोरच्या घरात माडीवर गोव्याकडचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी भाड्यानं राहत होता. त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता. आप्पा तेव्हा विशीतले. एरवी मागांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. अमावास्येला मात्र खिडकीतून गिटार यायची. दोनचार अमावास्या ऐकल्यावर आप्पा धीर करून वर गेले. एकाला मराठी धड येत नव्हतं, दुसऱ्याला इंग्रजी मुळीच. तरी मैत्री झाली. कोर्स संपवून गावी परतायच्या आधी त्या विद्यार्थ्यानं आपला आवडता अल्बम आप्पांना कॅसेटवर भरून दिला. आप्पांनी स्वतःचा टेपरेकॉर्डर वर नेला, वायरला वायर जोडली आणि एका दुपारी दोघं शेजारी बसून राहिले. कॅसेटच्या डबीत आप्पांनी साडीच्या डिझाइनचा चौकटीचा कागद कापून घातला, कारण कव्हर नव्हतं. गाणाऱ्यांचे चेहरे त्यांनी पुढं कित्येक वर्षं पाहिलेच नाहीत.

माझे वडील नोकरीला लागून जवळच्याच खासबागेत राहायला आले आणि मला कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत घातलं. मी तिथं तोंड उघडत नसे. इंग्रजीत चुकेन याची भीती, आणि मराठीत बोललं तर बाई रागवायच्या. घरी आले की सगळे विचारायचे, "आज काय शिकलीस? म्हणून दाखव की." आप्पा काहीच विचारत नसत. अमावास्येला शाळा सुटल्यावर मी वडगावला जायची, ते टेप लावायचे, आम्ही चटईवर भडंग खात बसायचो. अल्बम संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. काकू जिन्यातून डोकावून म्हणायच्या, "त्यो बाबा तिकडं वरडतोय आन ह्ये दोघं गप. देवळात बी एवढं गप बसत न्हाईत."

"देवळात घंटा वाजवत्यात लोक," आप्पा म्हणायचे.

एवढंच संभाषण. मोठी होईपर्यंत, जिथं मला बोलावं लागत नसे अशी ती एकच जागा होती. शब्द मला हळूहळू कळू लागले, पण आप्पांनी कधी अर्थ विचारला नाही आणि मी सांगितला नाही. ते आपल्या मनानं काहीतरी अक्षरं जोडून गुणगुणायचे. माग चालवतानाही त्यांचे ओठ हलत असत.

गेल्या दिवाळीनंतर टेपरेकॉर्डरनं ती कॅसेट खाल्ली. पट्टी ओढून काढली तर चुण्या पडलेल्या, दोन ठिकाणी तुटलेली. आप्पांनी आयुष्यभर तुटलेले धागे जोडले, पण पट्टी जोडून वाजवली तर नुसतं गुरगुरणं. त्याच सुमाराला काकूंनी माझ्यामागं लकडा लावला होता, आप्पांना समजव म्हणून. आप्पांना ऐकू कमी येत होतं. मागावर जन्म घालवलेल्या बहुतेकांचं होतं तसंच. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की बारीक, उंच आवाज बरेच गेलेत, कानाला मशीन लावा, उशीर केलात तर पुढं सवय होणं अवघड. आप्पा ऐकत नव्हते. दारावर कुणी आलं, फोन वाजला, नातवानं हाक मारली, काही कळेनासं झालं होतं. लोक जमले की ते उठून मागांच्या खोलीत जाऊन बसू लागले. काकूंना त्याची भीती वाटत होती. मलाही.

मी एकदा विचारलं, "आप्पा, मशीनला काय हरकत आहे?"

त्यांनी आधी कान चोळला. मग म्हणाले, "शेजारच्या अण्णानं लावलंय. त्यो म्हंतोय, भजन आता पत्र्याच्या डब्यातनं आल्यागत वाटतंय. माणसांचं बोलणं कळतंय, पण गाणं गेलं म्हंतोय." मग हात झटकून म्हणाले, "जेवढं हाय तेवढं माझ्या कानानं ऐकतो गं."

म्हणजे अडलं होतं ते या अल्बमवर. आणि आता तर अल्बमही नव्हता. मी त्यांना म्हणाले, "मी तो तुम्हाला नीट, चांगल्यातला चांगला ऐकवते. तुमच्याच कानांनी. मग डॉक्टरांकडे यायचं." त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

योगायोगानं त्याच अल्बमची नवी डिलक्स आवृत्ती निघाली होती. जाडजूड पेटी, कितीतरी सीडी, फोटोंचं पुस्तक. मूळ टेपा धुऊनपुसून, नव्यानं मिसळून, पूर्वी कधी न ऐकलेलं बरंच काही घालून. मागवण्यापूर्वी मी इंटरनेटवर चाहत्यांचे अभिप्राय वाचत बसले. तिथं मी कधी काही लिहीत नाही, फक्त वाचते. तिथं सगळी रडारड होती. कुणी म्हणे ड्रम पुढं आणून ठेवलेत, बाकी सगळे त्याच्यामागं लपलेत. कुणी म्हणे टेपची खरखर काढताना गाणाऱ्याचा श्वासही काढलाय. कुणाचं म्हणणं, शेवटचं गाणं संपल्यावर आम्ही मिनिटभर स्वस्थ बसायचो, आता तिथं लगेच त्याच गाण्याचा कच्चा नमुना सुरू होतो, मग दुसरा, मग तिसरा. एकानं लिहिलं होतं की आपल्या आवडत्या जेवणाच्या जागी त्याच्या पाककृतीचे कागद वाढल्यासारखं वाटलं. मला ते पटलं, पण थोडं हसूही आलं. इतकी वर्षं ऐकून ज्याचा कोपरानकोपरा तोंडपाठ आहे, त्याच्यावर कुणी नुसती धूळ झटकली तरी आपल्याला ते आपलं वाटत नाही. अशा आवृत्त्या काढणाऱ्यांना वाटतं चाहत्याला अजून हवंय. चाहत्याला हवं असतं ते होतं तेवढंच, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. ते पेटीत घालून कोण विकणार?

तरीही मी मागवली. आप्पांना कुठं हे वाद ठाऊक होते?

हाच अल्बम मी कॉलेजात असताना एकदा मोबाइलवर लावला होता. अर्धा मिनिट ऐकून बंद केला. कसंतरीच वाटलं. दोष मी इअरफोनला दिला आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाही. अमावास्येची गोष्ट अमावास्येलाच बरी, असं ठरवून टाकलं. त्यामुळं पेटी आली तेव्हा मीही ती उघडली नाही. वडिलांचा जुना सीडी प्लेअर आणि दोन मोठे स्पीकर रिक्षात घालून वडगावला नेले.

आप्पांनी आधी पुस्तक पाहिलं. फोटोतल्या गायकाकडं बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यो व्हय त्यो? बारीक हाय की." काकू म्हणाल्या, "तुमी काय पैलवान समजलावता काय?" मग मी सीडी लावली. आवाज आप्पांच्या कानांना पोचेल इतका मोठा केला आणि भिंतीला टेकून बसले.

पहिलं गाणं सुरू झालं. स्वच्छ, भरीव, खोलीभर. आणि काहीतरी चुकलेलं. मी आप्पांकडं पाहिलं. त्यांचा गुडघ्यावरचा हात ताल धरायला जायचा आणि थांबायचा. पाय पुढं टाकावा आणि पायरी जरा खालीच असावी तसं. दुसऱ्या गाण्यात त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्यात उघडले आणि माझ्याकडं बघून हसले. पाहुण्यांनी आणलेली मिठाई आवडली नाही की माणसं हसतात तसं.

"चांगलंय," ते म्हणाले.

"आप्पा, खरं सांगा."

"न्हाय, चांगलंय की. आवाज लई साफ हाय." मग थोड्या वेळानं, "खरं, गडी दमल्यागत वाटतोय गं. वय झालं असंल, परत गायला लावलंय काय त्याला?"

"परत नाही गायला. तेव्हाचंच आहे."

"मग माझं कान गेलं म्हणायचं." त्यांनी हे अगदी शांतपणे म्हटलं. मी त्यांना शेवटचं नीट ऐकवायला आणलं होतं, आणि त्यातून त्यांनी काय काढलं तर हे. माग बंद असलेल्या त्या खोलीत गाणं चालूच होतं. मला उठून ते बंद करावंसं वाटलं.

पण मलाही तेच वाटत होतं. माझे कान तर गेले नव्हते. गायक मलाही दमलेला वाटत होता. हे त्यांना सांगायला हवं होतं, आणि त्या जागेत मी कधी बोलत नसे. मी म्हणाले, "तुमचे कान नाहीत आप्पा. मलाही तसंच वाटतंय."

"तुला बी?"

"हो. सगळं सावकाश चाललंय."

ते सरळ होऊन बसले. "मग त्येनीच बिघडवलं."

मीही क्षणभर तसंच मानलं. चाहत्यांची एवढी ओरड उगाच नव्हती. पण मी जे अभिप्राय वाचले होते त्यांत गाणी सावकाश झाल्याची तक्रार एकाचीही नव्हती. मी फोन काढला. जुनी, साधी आवृत्ती शोधून लावली. तीही तेवढीच सावकाश. मग फोनवर वेग वाढवायची सोय असते, ती सहज किंचित पुढं सरकवून पाहिली. फार नाही, अगदी थोडी.

आप्पांचा हात गुडघ्यावर पडला आणि तालात चालू लागला. "हां," ते म्हणाले, "आता आला बघ ठिकाणावर."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. जगभर तो अल्बम एका वेगानं वाजत होता आणि वडगावात दुसऱ्या. असं का, ते मला कळेना. आप्पा मात्र खिडकीतून समोरच्या माडीकडं बघत होते. मग ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. काकू घाबरून आत आल्या.

"काय झालं?"

"अगं, दुपारी भरली व्हती टेप. सगळी गल्ली चालू. तवा माग चालू झालं की करंट किती कमी यायचा, बल्ब लाल व्हायचा, आठवतंय? त्या पोराचा प्लेअर सेलवरचा, त्यो बरोबर फिरला, माझा टेपरेकॉर्डर मात्र करंटवर हळूच फिरला असणार. आणि आपण वाजवायचो कवा? अमाशेला. करंट भरून."

म्हणजे हळू फिरणाऱ्या यंत्रात भरलेलं गाणं आम्ही नेहमी पूर्ण वेगात वाजवलं. माग बंद असल्याशिवाय ऐकताच येत नव्हतं, म्हणून आयुष्यात एकदाही ते खऱ्या वेगात वाजलं नाही. गायकाचा आवाजही त्यामुळं थोडा वर चढलेला, कोवळा. आम्ही जो तरणाबांड गडी ऐकत होतो तो आमच्या गल्लीतल्या विजेनं तयार केला होता.

"म्हंजे एवढी वर्सं चुकीचं ऐकत बसलावतासा," काकू म्हणाल्या. "आन मी इथं कुकरची शिट्टी बंद करत व्हते तुमच्यासाठी."

"चुकीचं तर चुकीचं," आप्पा म्हणाले. "काय वाईट व्हतं काय?"

त्या दिवशी आप्पा जेवढे बोलले तेवढे मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. नाराज झालेला चाहता इतका बोलका होतो हे मला माहीत असायला हवं होतं. इंटरनेटवर मी दुसरं काय वाचत होते? आप्पा सांगत सुटले, ड्रमवाला आधी मागं बसायचा, आता मांडीवर येऊन बसलाय. चौथ्या गाण्यातली गिटार आधी लांबून यायची, कुणीतरी शेतातनं हाक मारल्यासारखी, आता दारात उभी आहे. त्या विद्यार्थ्याबद्दलही बोलले. तो निघाला तेव्हा आप्पा बसस्टँडवर पोचवायला गेले होते, आणि दोघांना एकमेकांच्या भाषेत निरोप घेता येईना म्हणून दोघं त्या गाण्याचा सूर शिट्टीत वाजवत उभे राहिले होते. हे काकूंनाही ठाऊक नव्हतं. आमच्या अमावास्यांची मजा गप्प बसण्यात आहे असं मी समजत होते. ती होतीच. पण त्या पेटीनं निराशा केली नसती तर हे मला कधी ऐकायला मिळालं नसतं.

दुपारी चहा घेताना ते एकदम म्हणाले, "कवा जायाचं त्या डॉक्टरकडं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मशीनसाठी? पण गाणं पत्र्यासारखं वाटेल असं तुम्हीच म्हणत होतात ना?"

"वाटू दे की. खरं गाणं कसं हाय ते मला कुठं म्हाईत व्हतं? करंटनं दिलं ते घेतलं. आता मशीन दील ते घेऊ." कप खाली ठेवून म्हणाले, "नातू हाक मारतोय आन मला कळत न्हाय, ते बरं न्हाय."

काकू पदरानं डोळे पुसत आत गेल्या आणि आतून म्हणाल्या, "मी म्हणून दमले. त्या दमलेल्या गड्यानं सांगितलं तवा पटलं."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा रजा टाकली, या वेळी अमावास्या नसताना, आणि शेजारच्या टेबलावरच्या त्या बाईंना खरं कारण सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांनाही मशीन आहे, म्हणाल्या, सुरुवातीला डोकं धरतंय, मग जमतंय. त्यांनी मला कितीतरी गोष्टी सांगितल्या, मी विचारल्याही. दवाखान्यात तपासणीच्या खोलीतल्या मुलीनं आप्पांच्या कानात मशीन बसवून कन्नडमध्ये विचारलं, "केळस्तैतेन्री?" ऐकू येतंय का, असं. आप्पा मराठीत म्हणाले, "येतंय, पण तू एवढी वरडू नको बाई." ती हसली. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र ते मध्येच थांबले. रिक्षा, हॉर्न, भाजीवाला, सगळं एकदम अंगावर आलं. त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही तसेच कडेकडेनं चालत राहिलो.

मशीन लावून ऐकलेला अल्बम शेजारच्या अण्णांच्या भजनासारखाच निघाला. पत्र्यासारखा, चिरका. आप्पांनी तोंड वाकडं केलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मशीनमध्ये थोडा फेरफार केल्यावर बरा झाला, फार नाही. पण त्या पेटीतल्या ज्या सीडींना चाहते नावं ठेवतात, कच्च्या नमुन्यांच्या, अर्धवट सोडलेल्या गाण्यांच्या, त्या आता आप्पांच्या सगळ्यात लाडक्या आहेत. गाणं सुरू होतं, कुणीतरी चुकतं, सगळे थांबतात, कुणी शिवी हासडतं, कुणी हसतं, पुन्हा पहिल्यापासून. ही गाणी त्यांनी आमच्या वेगात कधी ऐकली नव्हती, त्यामुळं तुलनाच नाही. त्यांना ती माणसं कामावर असलेली आवडतात. मला ते अजून कंटाळवाणं वाटतं. पण मी ऐकते, आणि आता आम्ही मध्ये बोलतो.

गेल्या अमावास्येला असाच एक नमुना चालू होता. गाणं सुरू व्हायच्या आधीची शांतता, मग एक खुर्ची सरकल्याचा आवाज. आप्पांनी बोट वर केलं.

"कोणतरी नाक वडतंय," ते म्हणाले. "सर्दी झाल्या त्याला."

मला ऐकू आलं नव्हतं. मी मागं नेऊन पुन्हा लावलं, स्पीकरला कान लावला. खरंच कुणीतरी नाक ओढत होतं.

"आल्याचा चा पाजाय पायजे व्हता," काकू जिन्यातून म्हणाल्या, आणि आप्पांनी मान न वळवता त्यांना उत्तर दिलं, "मग पाठव की वर. आमाला बी चालंल."